मैंदर्गीच्या तळ्यातला बाहेरगावचा नवरदेव

आमच्या घराण्यात बेडकांसाठी प्रवासाला निघालेला मी पहिलाच. तिरुपतीला जाऊन आलो, श्रीशैलमला जाऊन आलो, टॉवेलांचे गठ्ठे घेऊन इंदूर आणि हैदराबाद पालथं घातलं; पण सोलापुरात जन्म काढूनही सांगोला कसा दिसतो ते ठाऊक नव्हतं आणि मैंदर्गी हे नाव फक्त एसटीच्या पाटीवर वाचलं होतं. यंदा पावसाळा सरता सरता ही गावं पाहून आलो. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिलीही असतील, पण तळ्यात कंबरेपर्यंत उभं राहून पाहिली नसतील. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी मुलगी लावण्या बेडकांवर पीएचडी करते. हे वाक्य मी कुठंही, कुणालाही, विचारलं नसलं तरी सांगतो. ऐकणारा हसला की मी त्याच्याशी भांडतो. सगळ्यात जास्त भांडणं झाली ती समोरच्या अंबादासशी. अंबादास माझा चुलतभाऊ. त्याचा चादरींचा कारखाना माझ्या टॉवेलांच्या कारखान्याच्या थेट समोर, मधे फक्त गल्ली. "काय बे, तुझ्या पोरीचे बेडूक मोजून झाले का?" असं तो रोज सकाळी तोंड धुता धुता विचारायचा आणि माझा चहा कडू करायचा.

लावण्याबरोबर एरवी तिची मैत्रीण जाते. यंदा ती चिखलात घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. "मी एकटी जाते, नायना," असं लावण्या म्हणाली. आमच्या तेलुगू घरात बापाला नायना म्हणतात. मी टॉवेलची व्हॅन रिकामी करून आधीच दारात उभी केली होती. तिच्या आईनं म्हणजे विजयानं डबा दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तिथं जाऊन फार बोलू नका. तिला काम करू द्या." हा सल्ला मी पाळला नाही, आणि पाळला नाही हे किती बरं झालं ते पुढं येईलच.

सांगोला

मंगळवेढा मागं पडलं तशी ज्वारीची काळी रानं संपली आणि माळ सुरू झाला. पाऊस बरा झालेला असूनही रस्त्याच्या कडेला पाण्याचे टँकर उभे होते. डाळिंबाच्या बागांवर मात्र पांढरी कापडं पसरलेली, उन्हानं फळ भाजू नये म्हणून. कापड दिसलं की माझी नजर हटत नाही. वीण कसली, ताणा कसला, ते पाहायला मी व्हॅन थांबवणार होतो, पण लावण्यानं हात जोडले.

वाटेत मी तिला विचारलं, "आता नीट सांग. आपण नेमकं काय बघायला चाललोय?"

"बेडकांची शेपटीवाली पिल्लं असतात ना, टॅडपोल, त्यांची तोंडं," ती म्हणाली. "मी दोन जाती घेतल्यात. एकाच्या पाठीवर फिकी रेघ असते, तो रेघ्या. दुसरा गोल गरगरीत, तो गोट्या. काही डबक्यांत रेघ्या एकटाच असतो. तिथं त्याची पिल्लं दगडावरचं शेवाळही खरवडतात आणि पाण्यातले बारके किडेही खातात. तोंड दोन्ही कामाला चालेल असं, मधलं. पण जिथं गोट्याही राहतो, तिथं गोट्याची पिल्लं किड्यांवर तुटून पडतात. मग रेघ्याच्या ज्या पिल्लांना खरवडणं चांगलं जमतं तीच पोटभर खातात आणि डबकं आटायच्या आत बेडूक होऊन बाहेर पडतात. बाकीची मरतात. असं पिढ्यान् पिढ्या चाललं की तिथल्या रेघ्याचं तोंडच खरवडणाऱ्याचं होतं. शेजाऱ्याशी असलेल्या चढाओढीनं जात बदलते, नायना. मला तेच दाखवायचंय."

मी व्हॅन बाजूला घेतली. खरोखर घेतली, कारण हे मला इतकं कळलं की गाडी चालवणं अवघड झालं. एके काळी मी आणि अंबादास दोघंही चादरीच विणायचो. तोच फुलांचा नमुना, तेच व्यापारी, तेच भाव पाडणं. दोघांचे माग चालू आणि दोघांची घरं उपाशी. शेवटी मी टॉवेलांत शिरलो आणि तो चादरीत राहिला. तेव्हापासून आम्ही पुन्हा एकमेकांच्या घरी जेवायला जाऊ लागलो.

"म्हणजे गोट्या अंबादास आणि रेघ्या मी!"

"थोडंसं तसंच," ती म्हणाली. "फक्त तुम्ही ठरवून बदललात. बेडूक ठरवत नाही. ज्याला जमेल तो उरतो. तुमच्यात आणि बेडकात तेवढा फरक आहे."

"तेवढाच?"

"सध्या तेवढाच," असं म्हणून ती हसली. मग तिचा चेहरा उतरला आणि खरी गोष्ट बाहेर आली. मैंदर्गीचं तळं तिच्या मार्गात आडवं आलं होतं. तिथं रेघ्या एकटाच राहतो, मागच्या दोन्ही पावसाळ्यांत तिला गोट्या तिथं दिसला नव्हता. तरीही तिथल्या रेघ्याचं तोंड खरवडणाऱ्याचं होतं. शेजारी नाही आणि तोंड मात्र शेजारी असल्यासारखं. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, या वर्षीही तळं असंच निघालं आणि कारण सापडलं नाही, तर चढाओढीचं हे अख्खं प्रकरण प्रबंधातून काढून टाकावं लागेल. तीन वर्षं पोरगी चिखलात राबली ती त्या एका प्रकरणासाठी. मी गाडी सुरू केली.

सांगोल्याच्या अलीकडच्या पाझर तलावावर एक बाई मेंढरं आणि दोन-चार शेरडं पाजत होती. हिरवं लुगडं, खांद्यावर काठी. आम्ही जाळी आणि पांढरे ट्रे काढले तशी ती जवळ आली.

"त्या पिल्लांस्नी धरून काय करनार? खाता का काय?"

"नाही हो मावशी, तोंड बघून परत सोडणार."

"तोंड बघून?" तिनं मेंढरांकडं पाहिलं. "आमी बी मेंढरू घेताना तोंडच बघतो की. दात बघितल्याबिगर कोन घेतंय?"

लावण्यानं मला भिंगातून पाहायला लावलं. नखाएवढं पिल्लू आणि त्याच्या तोंडात दातांच्या काळ्या बारीक ओळी! आमच्या मागाला फणी असते, तिच्या दात्यांतून ताण्याचा एकेक धागा जातो. हुबेहूब तशी. इतकी वर्षं फणी हाताळून मला वाटत होतं की ही माणसाची अक्कल. ती आधी बेडकाच्या पोराकडं होती हे पाहून मला राग यायला हवा होता, पण अभिमानच वाटला, जणू आमचीच भावकी निघाली. सांगोल्याच्या पिल्लांची फणी मध्यम होती. ना फार दाट, ना विरळ. एकट्या राहणाऱ्याची.

मी ओळ न् ओळ पाहत असताना मागं एका शेळीनं माझा खांद्यावरून काढून ठेवलेला नवा टॉवेल अर्धा चावून काढला. मावशीनं तिला हाकललं आणि भरपाई म्हणून आम्हाला हुलग्याचं माडगं पाजलं. आमच्या घरी चिंचेचा चारू असतो, आंबट आणि पातळ. माडगं दाट, तिखट आणि पोटाला धरणारं. दुष्काळी मुलखानं शोधलेलं अन्न आहे ते, दोन वाट्यांत माणूस संध्याकाळपर्यंत चालतो. "पोरगी कुनाची?" मावशीनं विचारलं. "माझी," मी म्हणालो. एवढं सोपं उत्तर मी इतक्या जोरात दिलं की मेंढरं बिचकली.

वेळापूर

सांगोल्याहून वर महूदच्या बाजूनं गेलो की मुलूख पालटतो. कालव्याचं पाणी, दोन्हीकडं ऊस. वेळापूरच्या जुन्या देवळात मूर्ती अर्धी शंकराची अर्धी पार्वतीची आहे. लावण्या कामाच्या घाईत होती, तरी मी दर्शन घेतलंच. गाभाऱ्यातला गारवा सोडवत नव्हता.

तिचं डबकं उसाच्या बांधाला होतं. इथं रेघ्या आणि गोट्या दोघंही राहतात. एका ट्रेमध्ये रेघ्याची पिल्लं, दुसऱ्यात गोट्याची. आता भिंगातून पाहिलं तर मला कुणी सांगायची गरजच उरली नाही. रेघ्याचं तोंड रुंद, दातांच्या ओळी दाट, अगदी टॉवेलच्या फणीसारख्या. गोट्याचा जबडा जाड, ओळी थोड्या. एकाचं काम खरवडायचं, दुसऱ्याचं धरून फाडायचं. सांगोल्याचा रेघ्या आणि हा रेघ्या एकाच जातीचे, हे सांगितलं नसतं तर मी मानलं नसतं.

उसाचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. आधी त्याला शंका आली की आम्ही मोजणीवाले. मग मी त्याला सगळं सांगितलं. चादर, टॉवेल, अंबादास, फणी, सगळं. लावण्या दोनदा खाकरली. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हंजे एका ताटात जेवाय बसल्यावर ह्येनं भाकरी घ्यायची आन् त्येनं कालवन, असं हाय म्हना की."

"असंच," लावण्या म्हणाली, आणि तिला ते इतकं आवडलं की तिनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

त्यानं घरून चहा आणवला, वर उसाचं कांडं दिलं. "आमचं डबकं तुमच्या पुस्तकात येनार व्हय?" असं विचारलं, आणि येणार म्हटल्यावर डबक्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यात आता ढोरं घालण्याआधी तो दहादा विचार करेल.

त्या रात्री सोलापुरात घरी मुक्काम केला. अंबादासनं विचारलंच, "काय बे, काय म्हणतात बेडूक?" मी म्हणालो, "तुझी आठवण काढत होते." बाकी काही सांगितलं नाही. मैंदर्गी बाकी होती आणि पोरगी नीट जेवली नव्हती.

मैंदर्गी

अक्कलकोट सोडलं की पाट्या मराठीत असतात आणि बोलणं कानडीत. चहाच्या टपरीवर मला कानडी येत नाही म्हटल्यावर टपरीवाल्यानं मराठीत चहा दिला, आणि पैसे देताना मी तेलुगूत पुटपुटलो तेव्हा तोही दोन शब्द तेलुगू बोलला. बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाशी मी थबकलो. एकाच दुकानात चादर, टॉवेल, इरकल साड्या, शाळेचे गणवेश, लग्नाचे फेटे आणि मच्छरदाणीसुद्धा. आमच्या सोलापुरात असं दुकान शोधून सापडणार नाही. तिथं टॉवेलवाला टॉवेलच विकतो.

"बघ," मी लावण्याला म्हणालो, "एकटं दुकान. मधलं तोंड."

ती हसली नाही. तिच्या मनात तळं होतं.

तळं गावाबाहेर. एका अंगाला महादेवाचं छोटं देऊळ आणि दगडी पायऱ्या, पल्याडच्या अंगाला बाभळींचं रान आणि गवताळ, उथळ दलदल. दर वेळी लावण्या पायऱ्यांकडूनच पिल्लं घ्यायची, कारण पल्याड काट्यांतून वाटच नव्हती. तिनं जाळी घातली, ट्रे भरला, भिंग लावलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. मीही पाहिलं, दाट ओळी होत्या. टॉवेलची फणी. शेजारी नसताना.

"संपलं, नायना," ती म्हणाली. ट्रे अलगद पाण्यात रिकामा केला आणि पायरीवर बसून राहिली. माझ्या कारखान्यात माग बिघडला तर मी उघडून बघतो. इथं काय उघडणार?

तेवढ्यात देवळातून एक बाई उतरली. कपाळाला विभूतीचे पट्टे, हातात पाण्याची तांब्याची कळशी. तिचं नाव नीलव्वा. "कोन री तुमी? ऊन डोक्यावर आलंय, चला घरला, भाकरी खावा," असं म्हणून उत्तराची वाट न पाहता ती चालू लागली. आमच्याकडं पाहुण्याला आधी नाव विचारतात आणि मग पाणी देतात. इथं जेवण झाल्यावर नाव विचारतात.

तिच्या ओसरीवर जेवायला बसलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरल्या वांग्यांची एण्णगाई, दही. शेंगाची चटणी तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेली. मिक्सरची चटणी आणि ही चटणी यांचं नातं नावापुरतंच. पहिला घास पोटात गेला आणि माझी जीभ सुटली. पोरीचं मन रमावं म्हणून मी नीलव्वाला लावण्याबद्दल सांगू लागलो. किती शिकली, कुठं कुठं जाते, तिच्याइतकं बेडकांतलं कळणारं जिल्ह्यात कुणी नाही.

नीलव्वानं ताक ओतता ओतता मान ताठ केली. "असंल की. पन बेडकाचं मान आमच्या घरला हाय. आमच्या गावची कप्पी मदुवी तुमाला म्हाइती न्हाई?"

"काय?"

"कप्पी म्हंजे बेडूक, मदुवी म्हंजे लगीन. पाऊस रुसला की आमी बेडकाचं लगीन लावतो. हळद लावतो, अक्षता टाकतो, गावाला हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं जेवन घालतो. आन् नवरीकडची मंडळी म्हंजे आमी. माझ्या सासूच्या सासूच्या आदीपासनं नवरी आमच्याच घरातनं निघती. दुसऱ्या कुनाला तो मान न्हाई."

हे ऐकून मला चेव आला. तिची नवरी आणि माझी पोरगी यांत कोण मोठं, असा सामना जणू सुरू झाला. मी म्हणालो, आमच्या पद्मशाली विणकरांच्या लग्नात थाट बघायला या. तिनं सांगितलं, आमच्या बेडकाच्या वरातीला दोन हलग्या असतात. मी आणखी काही सांगणार होतो, तेवढ्यात लावण्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिच्या हातातली भाकरी तशीच होती.

"अव्वा," तिनं विचारलं, "नवरदेव कुठून आणता?"

"नदीकाठच्या गावातनं. आमचं सोयरं हाईत तितं."

"याच तळ्यातला का नाही घेत?"

"अय्यो!" नीलव्वानं कानाला हात लावले. "एका पाण्यातली भावंडं होतात की! भाऊभैनीचं लगीन लावतात व्हय कुटं?"

आता मला गप्प बसवेना. "पण नात्यात करतातच की. आमच्यात मामाची मुलगी करतात. माझी बायको माझ्या मामाचीच आहे."

"आमच्यात बी करतात की," नीलव्वा म्हणाली. "पन मानसाचा मामा कोन, काका कोन, ते कळतंय. बेडकाचा मामा कुटला, तुमी मला दाखवा बघू! म्हनून बाहेरगावचा नवरा आनायचा. काळजीच न्हाई."

मी वांग्याचा आणखी एक घास घेतला. लावण्या मात्र पुढं सरकली होती.

"नवरदेव एकटाच येतो?"

"एकटा कसा येईल? वऱ्हाड येतंय की. घागर भरून."

"आणि लग्नानंतर वऱ्हाड परत जातं?"

"कशाला जाईल? आल्यावर पाहुन्याला हाकलायचं का? नवरानवरी आन् वऱ्हाड, समदी पल्याड सोडतो. तितं जानवसं असतंय ना त्येंचं, बाभळीकडच्या अंगाला. नवरीचं गाव ह्या अंगाला, नवऱ्याचं त्या अंगाला. पायऱ्यांकडं त्येंना सोडत न्हाईत, मान राहत न्हाई त्यात."

लावण्या उठून उभी राहिली. "नदीकाठी गोट्याच असतो, नायना," ती पुटपुटली. पुन्हा बसली. मग विचारलं, "नवरदेव कसा ओळखता, अव्वा?"

"त्यात काय? मोठा बघून घ्यायचा, तो नवरा. बारकी ती नवरी."

लावण्याला ठसका लागला. पाणी पिऊन तिनं हळूच सांगितलं की बेडकांत मादी मोठी असते आणि नर बारका. म्हणजे पिढ्यान् पिढ्या हळद लागलेले ते सगळे नवरदेव बायका होत्या, आणि पोटात अंडी घेऊन आलेल्या. घागरीतल्या बारक्या वऱ्हाड्यांत त्यांना जोडीदारही मिळाले असणार.

नीलव्वानं ताकाचं भांडं खाली ठेवलं. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की आतली सून बाहेर आली. "म्हनूनच पाऊस हल्ली अर्धाच पडतोय की!" ती म्हणाली. "थांबा, ह्या खेपेला बरोबर लावते." आम्ही ताक तसंच ठेवून निघालो. असं उठणं आमच्याकडं अपमानाचं, पण तिनं उलट कोयता हातात दिला, बाभळीसाठी, आणि सुनेला वाट दाखवायला धाडलं.

बाभळींतून वाट काढताना माझा सदरा फाटला, लावण्याचं कोपर सोललं. पलीकडं दलदल. मी पुढं गेलो, कारण बाप पुढं जातो, आणि तिसऱ्या पावलाला कंबरेपर्यंत आत गेलो. वर येता येईना. लावण्यानं दोन टॉवेल एकमेकांना गाठ मारून टाकले. आमचेच टॉवेल, आमच्या मागावरचे. तिनं आणि नीलव्वाच्या सुनेनं ओढलं, मी चिखलातून सुटून बाहेर आलो आणि टॉवेलचा एक धागा उसवला नाही. हे मी सगळ्या व्यापाऱ्यांना सांगितलं आहे.

मी चिखल पुसतोय तोवर तिनं गवताच्या मुळाशी जाळी घातली. ट्रेमध्ये पाणी ओतलं. पिल्लं स्थिर झाली. मला भिंगाशिवायही दिसलं. जाड जबडा, गोल अंग. गोट्या. एक नाही, ट्रेभर, आणि मधेमधे रेघ्याची पिल्लंही.

ती ओरडली नाही. त्याच चिखलात मटकन बसली आणि म्हणाली, "हे तळं एकटं नव्हतंच, नायना. मी एकाच काठावरून बघत होते." मग दोन्ही हातांत तोंड धरून रडली, हसली, काय केलं ते तिलाही कळलं नसेल. तिच्या डोक्यावर ठेवायला माझा हात स्वच्छ नव्हता, तरी ठेवला. केसांतला तो चिखल पुढं दोन दिवस निघत नव्हता म्हणून विजया मला बोलली.

मी लगेच म्हणालो, "सरांना फोन लाव. जिंकलो आपण."

"अजून नाही," ती म्हणाली. मला रागच आला. आता आणखी काय राहिलं? पण तिनं समजावलं. पाण्यात गोट्या आहे म्हटल्यावर रेघ्याचं प्रत्येक पिल्लू आपापल्यापुरतं तोंड बदलत असेल, तर ती बदललेली जात नव्हे. इथली अंडी न्यायची, गोट्याचा वाससुद्धा नसलेल्या पाण्यात वाढवायची, आणि मग तोंड बघायचं. तरीही खरवडणाऱ्याचंच निघालं तर ते रक्तात उतरलंय. पोरीच्या या हट्टाचा मला तळ्यातल्या शोधापेक्षा जास्त अभिमान वाटला. आमच्या मागावर कापड उतरलं तरी उजेडात धरून पाहिल्याशिवाय आम्ही ते चांगलं म्हणत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पायऱ्यांकडून रेघ्याची अंडी घेतली, दुधाच्या किटलीत तळ्याचं पाणी भरून व्हॅनमध्ये ठेवली. सोलापूरपर्यंत मी गाडी अशी हाकली की मागच्या ट्रकवाल्यांनी माझ्या सगळ्या नातेवाइकांची आठवण काढली.

सोलापूर

घरी आल्यावर मी उत्साहानं रंगाची रिकामी पिंपं धुऊन पुढं केली. लावण्यानं किंकाळी फोडली. रंगाचा कणभर अंश राहिला तरी पिल्लं मरतील म्हणे. मग गच्चीवर पांढरे टब मांडले. विजया रोज पालक उकडून बारीक करायची, पिल्लांसाठी, आम्हाला वरण. "नातवंडांचं झालं, आता तुमचं," असं म्हणून ताट वाढायची.

अंबादास आधी गल्लीतून वर बघायचा. मग एक दिवस जिना चढून आला. मग रोज येऊ लागला. त्याच्या कारखान्यातले निम्मे माग यंदा बंद आहेत, मुलगा पुण्याला बोलावतोय. वेळ असतो त्याला. टबाशी बसून पिल्लांकडं बघत राहायचा.

पिल्लांना मागचे पाय फुटायच्या आधी लावण्यानं भिंग लावलं. मी, विजया आणि अंबादास मागं उभे. तिनं एक पाहिलं, दुसरं पाहिलं, सगळे टब पाहिले. मग बाजूला होऊन म्हणाली, "नायना, तुम्ही बघा."

दाट ओळी होत्या. एकट्यानं वाढलेल्या, गोट्याचं तोंडही न पाहिलेल्या पिल्लांच्या तोंडात टॉवेलची फणी. तिनं गच्चीवरूनच सरांना फोन लावला. सर बराच वेळ प्रश्न विचारत होते, ती एकेकाचं उत्तर देत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "हो सर, ठेवते ते प्रकरण." मी तिथंच भिंतीला टेकून बसलो.

अंबादासनं भिंग मागितलं. बराच वेळ वाकून पाहिलं. "समोर कुणी नाही, तरी असंच?" त्यानं विचारलं.

"असंच, काका. आता ते त्याचंच झालं."

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हणजे मी पुण्याला गेलो तरी तू टॉवेलच विणणार."

"मग काय! तुझ्यामुळं लागलेली सवय आहे ती," मी म्हणालो. मग दुसऱ्या टबाशी त्याला जागा करून दिली.

परवा त्याच्याकडं भाव विचारायला हैदराबादचा व्यापारी आला होता. मी माझ्या दारात उभा होतो. गच्चीवर टब धुणाऱ्या लावण्याकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, ही पोरगी काय करते? मी तोंड उघडायच्या आत गल्लीपलीकडून अंबादासचा आवाज आला.

"आमची पोरगी आहे ती. बेडकांवर पीएचडी करते. आणि हसू नकोस बे."